मदत हवी आहे: चिकुनगुनियाच्या साथीत कामगारांवरचा ताण कसा हलका करावा?

नमस्कार मंडळी,
भोसरीत आमचं छोटं प्रेस शॉप (मशीनवर पत्रा दाबून भाग काढायचा कारखाना) आहे, मी तिथे सुपरवायझर. सध्या चिकुनगुनियाने धुमाकूळ घातलाय. ताप चार-पाच दिवसांत उतरतो, पण सांधे महिना-महिना धरून ठेवतात. एका ऑपरेटरला सकाळी बाटलीचं झाकणही फिरवता येत नाही, तरी गडी येतो. खाडा पडला की पगार कापतील ही धास्ती! जे धडधाकट आहेत ते डबल शिफ्ट करून चिडचिडे झालेत, आणि अशा डोक्याने प्रेस चालवणं म्हणजे बोटं जायची भीती.

ईएसआयमधून (कामगारांची सरकारी विमा योजना) आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन मिळतं (हप्त्यांची अट पूर्ण हवी, शिवाय डॉक्टरचा दाखला), हे निम्म्यांना माहीतच नव्हतं. उरलेले 30 टक्के कंपनीने भरावेत असं मी शेठना सुचवलंय. बघू. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबरही बोर्डावर लावला. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, पण शेजारचा ऐकेल म्हणून कोणी लावत नाही.

तुमच्याकडे परतलेल्या माणसाला तपासणी, पॅकिंगसारखं बसून करायचं काम किती दिवस देता? त्यात त्याचा प्रॉडक्शन इन्सेंटिव्ह बुडतो, तो कसा भरून काढता? आणि ओव्हरटाइमला नाही म्हटलं तरी राग धरला जाणार नाही, हे लोकांना पटवलं कसं? फवारणी आणि पाणी साचलेले ड्रम उपडे करणं झालंय, ते कृपया सांगू नका. छोट्या कारखानेवाल्यांचे अनुभव आधी हवेत.