अनुभव धागा : खेळाचं पान लावणाऱ्यांनो, लिहा!

परवा एका लग्नात कुणीतरी माझी ओळख करून दिली, "हे पेपरात खेळाच्या पानावर असतात." समोरचे काका लगेच, "मजा आहे राव, मॅच बघायचा पगार!" मी हसून जिलेबी घेतली. सांगलीत अकरा वर्षं हे पान लावलं, त्यात पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत बघितलेले सामने एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. टीव्ही डोक्यावर चालू असतो, पण नजर मजकुरावर. शिपाई ओरडला की मान वर करायची, तोवर रिप्ले लागलेला.

म्हणून हा धागा. डेस्कवरचे, म्हणजे कचेरीत बसून बातम्या नीट करणारे, गावोगावचे बातमीदार, पानं जोडणारे, घरचे, सगळे लिहा. पेपरचं नाव नको, साहेबांचं तर नकोच.

माझ्यापासून सुरुवात. २ नोव्हेंबर २०२५, महिला विश्वचषकाची फायनल. स्मृती मानधना सांगलीत वाढलेली, त्यामुळं गावात सकाळपासून दुसरा विषय नाही. नवी मुंबईत पाऊस आला आणि तीनचा सामना पाचला सुरू झाला. लोक पावसाला शिव्या देत होते, मी घड्याळाला. जत-आटपाडीची डाक आवृत्ती आमच्याकडं साडेदहाला सोडावीच लागते, गठ्ठ्यांची गाडी स्मृतीसाठीही थांबत नाही. त्या वेळी हातात होतं काय? भारत ७ बाद २९८, शेफालीच्या ८७, स्मृतीच्या ४५, आणि तिकडं दक्षिण आफ्रिकेची वोल्वार्ट तळ ठोकून बसलेली. जिंकलो तरी खोटा पडणार नाही आणि हरलो तरी हसं होणार नाही असा मथळा लिहून बघा एकदा. शहर आवृत्तीसाठी दोन पानं तयार ठेवली, एक हसरं, एक रडकं. मध्यरात्रीच्या सुमाराला शेवटची विकेट पडली, ५२ धावांनी जिंकलो, दीप्तीचे पाच बळी घाईनं चौकटीत टाकले आणि पान सोडलं. सकाळी जतहून फोन: "सांगलीला अख्खी मॅच आणि आमाला अर्धीच व्हय?"

त्या माणसाला काय सांगणार? बरोबरच होतं त्याचं.

घिस्सा_डाव (मिरज, आता निवृत्त)

तुमच्याकडं निदान टीव्ही तरी होता. आमच्या वेळी कुस्ती मैदानाचा निकाल फोनवर यायचा. कुंडलच्या मैदानाचा दिवस म्हणजे माझ्या पोटात गोळा. बातमीदार रात्री एसटीडी बूथवरनं सांगणार, मागं हलगी, गर्दीचा गलका, आणि मी कानाला रिसीव्हर दाबून कागदावर खरडतोय. लहान-मोठ्या मिळून शंभरभर जोडी. त्यात निम्मे पाटील, उरलेले माने आणि जाधव. कुठली निकाली, कुठली गुणांवर, कुठली बरोबरीत सोडवली, कुणी कुठल्या तालमीचा, हे सगळं त्यात.

एकदा "यानं त्याच्यावर" असं तिकडनं आलं आणि मी "त्यानं याच्यावर" ऐकलं. दोन अक्षरांचा फरक. पोकळ घिस्स्यावर चितपट झालेला पैलवान आमच्या अंकात विजयी! दुसऱ्या दिवशी दुपारी जिंकलेल्याचे वस्ताद कचेरीत आले. पांढरा फेटा, हातात आमचाच अंक, चार घड्या घातलेला. मला वाटलं आता काही खरं नाही. त्यांनी अंक टेबलावर पसरला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "पोरानं सहा महिने खुराक खाल्ला, तो ह्याच्यासाठी?" आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

शुद्धिपत्रक दिलं, पण ते आतल्या पानावर, तळाला. त्या दिवसापासून माझा नियम: जिंकलेल्याचं नाव आधी, त्याखाली रेघ, मग दुसरा. आणि मुख्य दहा कुस्त्या फोन ठेवायच्या आधी बातमीदाराला परत वाचून दाखवायच्या. नवीन पोरं हसायची.

माणदेशी_पेन (सातारा)

१५ ऑगस्ट २०१६. ललिता बाबरची रिओतली स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची फायनल. मोही हे माण तालुक्यातलं गाव, दुष्काळी टापू. तिथली मुलगी दोनच दिवस आधी प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत गेलेली. पी. टी. उषा १९८४ ला पोचली होती, त्यानंतर ३२ वर्षांनी ट्रॅकवरच्या फायनलला भारताची बाई. आपल्या वेळेनं संध्याकाळची शर्यत. डेडलाइनचा त्रास नाही, आरामात लीड लावता आली असती.

पण स्वातंत्र्यदिनाची सुट्टी! १६ तारखेला अंकच नाही.

घरी टीव्हीपुढं बसून ती दहावी आलेली बघितली. पगारी सुट्टीत, कुटुंबासोबत, भजी खात. आणि हात नुसते शिवशिवत होते. १७ च्या अंकात बातमी शिळी झालेली, रोज नवीन काहीतरी घडत होतं. तीन कॉलम मिळवायला भांडलो, दोन मिळाले. वर "लोकांनी बघितलंय की टीव्हीवर" हेही ऐकून घेतलं. वेळेत घडलेली आणि तरी हातची गेलेली माझी ही एकमेव बातमी.

क्वार्क_मास्टर (पानं जोडणारा)

उपसंपादकांचे हुंदके वाचले. आता ऑपरेटरचं ऐका. पान तयार. शालेय खो-खोचे निकाल, बारा शाळा, सगळी नावं तपासून बसवलेली. रात्री पावणेदहाला जाहिरात विभागातला माणूस धावत येतो: कुठल्यातरी दादांचा वाढदिवस, अर्धं पान. उडतं काय? खो-खो. कसोटीचा धावफलक कुणी उडवत नाही, तो मोबाइलवर जगाला दिसत असला तरी. जो निकाल दुसरीकडं कुठंच छापून येणार नाही, तोच पहिला कापतात.

चौकट (सांगली)

मी डेस्कवर एकटीच बाई होते. रात्री घरी कसं जायचं वगैरे पुन्हा कधीतरी, आज मथळ्याच्या भांडणाबद्दल लिहिते.

३० जुलै २०२२, संकेत सरगरचं बर्मिंगहॅममधलं वेटलिफ्टिंगचं रौप्य. त्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं भारताचं पहिलं पदक, ते सांगलीच्या पोराचं, ज्याच्या घरचा चहा-पानाचा गाडा. बातमीदार, फोटोग्राफर सगळे गाड्याकडं पळाले. इकडं मथळ्यावर जुंपली. स्नॅचमध्ये ११३, क्लीन अँड जर्कमध्ये १३५, एकूण २४८ किलो. मलेशियाचा २४९. कोपर दुखावलं आणि पुढचे दोन्ही प्रयत्न वाया गेले. वरिष्ठांना हवं होतं, "एका किलोनं सोनं हुकलं". मी म्हटलं, "हुकलं" कशाला, दुखऱ्या हातानं रौप्य आणलंय. त्यांचं म्हणणं, एक किलो म्हणजे साखरेची पिशवी, वाचकाला लगेच कळतं. तासभर वाद. शेवटी माझा मथळा लागला, एक किलो चौकटीत गेला. खरं सांगू? आज वाटतं, त्यांचाच चांगला होता.

मुद्रितशोधक (कऱ्हाड)

दोनच गोष्टी. "कांस्य"वरचा अनुस्वार. आणि खाशाबा जाधवांचं १९५२ चं ऑलिंपिक पदक लिहिताना "स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक" यातला एकही शब्द गाळायचा नाही. "भारताचं पहिलं" लिहिलं की कुणीतरी १९०० ची पॅरिसची नॉर्मन प्रिचर्डची दोन रौप्यं काढतो. आणि खाशाबांच्या नावात चूक झाली तर त्यांच्या गावाहून, गोळेश्वरहून फोन ठरलेला.

ह्यांची_मी

आयपीएलचे दोन महिने आमच्याकडं भाजी एकदाच होते, रात्री दीडला गरम केलेली ती दुसऱ्यांदा. २०२३ ची फायनल पावसानं राखीव दिवशी ढकलली आणि तीही रात्री दीडनंतर संपली. त्या दिवशी हे उजाडताना आले, दूधवाला आणि हे बरोबरच. मुलीनं दार उघडलं आणि म्हणाली, "बाबा, जडेजानं शेवटच्या चेंडूवर चौका मारला, बघितला का?" हे म्हणाले, "नाही गं. कसा मारला?"

फाटी_वरचा (विटा, बातमीदार)

वर डेस्कवाल्यांचंच चाललंय. आम्ही उन्हात फाटीवर, म्हणजे बैलगाड्या पळतात त्या पट्टीवर उभं राहून धूळ खातो ते कुणी लिहायचं? २०२१ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं परवानगी दिली आणि बैलगाडी शर्यती परत सुरू झाल्या. तेव्हापासून दर बैठकीला एकच वाद: हे क्रीडा पान की जिल्हा पान? माझं म्हणणं, गट, सेमी, फायनल, पंच, झेंडा, सगळं आहे, अजून काय पाहिजे? डेस्क म्हणतं, "खेळाडूंची नावं पाठवा." पाठवली. तर छापताना मालकांची नावं ठेवली आणि बैलांची कापली! दुसऱ्या दिवशी फोनवर जे ऐकलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मालकाचं नाव चुकलं तर माणूस एकवेळ हसून सोडतो. बैलाचं चुकलं की गाडी घेऊन दारात येतो.

थांबतो. फायनल सुटायची वेळ झाली, आणि इथं रेंज नाही.