मदत हवी आहे: सासऱ्यांचा एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) वाढलाय, मिक्सिंग करूनही उतरत नाही (सोलापूर)

नमस्कार. सासरे ७३ वर्षांचे, सगळी नोकरी यंत्रमागावर झाली. आधी हर्नियाचं ऑपरेशन झालं, दात काढले, कधीच रक्त जास्त गेलं नाही. आता मात्र कुठे न लागता अंगावर काळेनिळे डाग उठतायत, मांडीवरचा तर तळहाताहून मोठा आहे. वयामुळे कातडी पातळ होते, असं सांगून आम्हाला परत पाठवलं होतं. पाय दुखतो म्हणून एका दवाखान्यात कमरेत इंजेक्शन दिलं, तिथं एवढी सूज आली की बसवत नाही. हिमोग्लोबिन ११ वरून ७.८ वर आलंय.

प्लेटलेट २ लाख ४० हजार, पीटी (रक्त गोठण्याची दुसरी चाचणी) नॉर्मल. एपीटीटी ८२ सेकंद, कंट्रोल ३०. रक्त पातळ करणारी गोळी चालू नाही. लॅबच्या डॉक्टरांनी निरोगी माणसाचा प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) निम्मा मिसळून पाहिला, तरी ६१. फॅक्टर ८ (रक्त गोठवणारं प्रथिन, हिमोफिलियात हेच कमी असतं) विरुद्ध अँटिबॉडी असावी, असं ते म्हणाले.

रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसनं मुंबईला नेऊ का? नणंदेला सातवा महिना आहे, हिमोफिलिया लेकीकडून नातवाकडे जातो हे ऐकून ती रडतेय.

प्रतिसाद
ताई, आधी नणंदेला सांगा: हा जन्मजात हिमोफिलिया नाही, नंतर जडलेला (अक्वायर्ड) आहे, पोटच्या लेकरांकडे जात नाही. उतारवयात, कधी बाळंतपणानंतर, शरीर स्वतःच्याच फॅक्टर ८ विरुद्ध अँटिबॉडी बनवतं. जवळपास निम्म्या रुग्णांत कारण सापडत नाही. बाकीच्यांत कॅन्सर, ल्युपस, संधिवात निघतो, म्हणून तेही तपासतात.

फॅक्टर नुसता कमी असता, तर मिसळल्यावर एपीटीटी उतरला असता. ही अँटिबॉडी सावकाश काम करते, म्हणून मिश्रण ३७ अंशांवर २ तास ठेवून तपासलं का, तेवढं विचारा. पुढची तपासणी फॅक्टर ८ ची पातळी आणि इन्हिबिटर (म्हणजे हीच अँटिबॉडी) किती ते, बेथेस्डा युनिट या मापात. ती मुंबईत परळला केईएमच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत होते. पण त्यासाठी बाबांना रेल्वेत बसवू नका! निळ्या झाकणाच्या नळीतला प्लाझ्मा वेगळा करून गोठवलेलाच पाठवता येतो, लॅबला तशी सोय विचारा. बाबांना आजच सिव्हिलमध्ये दाखल करा. हलवायची वेळ आलीच तर अ‍ॅम्ब्युलन्सनं.

रक्त भरल्यानं हिमोग्लोबिन सावरेल, स्राव थांबणार नाही. नेहमीचं फॅक्टर ८ सुद्धा बहुधा वाया जातं, अँटिबॉडी ते निकामी करते. त्याला वळसा घालणारी इंजेक्शनं लागतात: फॅक्टर ७ए किंवा फिबा. ती फार महाग आहेत, तेव्हा सरकारी हिमोफिलिया केंद्रात मिळतील का हे डॉक्टरांना लगेच विचारायला लावा. अँटिबॉडी संपवायला प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड), सोबत सायक्लोफॉस्फमाइड किंवा रिटुक्सिमॅब देतात. याला आठवडे लागतात.

तोवर स्नायूत एकही इंजेक्शन नको. अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन बंद. दुखलं तर पॅरासिटामॉल. शौचाला काळी होणं, अचानक डोकेदुखी, जीभ किंवा गळा सुजणं, जांघेत कळ, हातपाय ताठ होऊन बधिर पडणं, यातलं काहीही दिसलं तर ड्युटीवरच्या डॉक्टरांना तिथल्या तिथे उठवा.

धागाकर्ती
दादा, खूप आधार वाटला. बाबांना दाखल केलंय, केसपेपरवर स्नायूत इंजेक्शन नको असं मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं. त्यांना साखर आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. स्टेरॉइड झेपेल का?

प्रतिसाद
साखर वाढेल, काही दिवस इन्सुलिन लागू शकतं. तेही कातडीखाली बारीक सुईनं देतात, ते चालतं. साखरेपायी उपचार अडवू नका, पण संसर्गाला जपा, ताप आला तर लगेच सांगा.