मदत हवी आहे : ‘विंध्यगिरी’वरील जुने सोबती

माझे वडील १९८० च्या दशकात ‘आयएनएस विंध्यगिरी’च्या बॉयलर रूममध्ये होते. माझगाव गोदीत बांधलेली आणि १९८१ मध्ये नौदलात दाखल झालेली ही फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) ३० जानेवारी २०११ रोजी मुंबई बंदराजवळ ‘नॉर्डलेक’ या मालवाहू जहाजाशी टक्कर होऊन पेटली व दुसऱ्या दिवशी धक्क्यालाच बुडाली. माणसे सारी बचावली, तरी वडील त्या दिवशी जेवले नाहीत. हल्ली त्यांचे दोन सोबती रविवारी घरी येतात आणि तिघे मिळून मध्यरात्रीच्या वॉचचा (कामाच्या पाळीचा) उकाडा आठवतात (वादही तेच ते!), ते मी लिहून घेत आहे. त्या वर्षांत या जहाजावर असलेले कोणी, अथवा त्यांचे कुटुंबीय, येथे आहेत काय? तेव्हाची छायाचित्रे पाहायला मिळतील काय?