मदत हवी आहे: 'अनलेस'मधला नकार लेकरांना कसा दाखवू?

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावात दहावीची सात-आठ लेकरं माझ्याकडं इंग्रजीला येतात. सध्या 'अनलेस'वर अडलोय.

पेरणीच्या तोंडावर दरसाल कृषी विद्यापीठाचा सल्ला येतो: 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. दुबार पेरणी घरोघरी सोसलेली, त्यामुळं हे वाक्य लेकरांना पाठ. तेच सोपं करून इंग्रजीत लिहायला दिलं. बहुतेकांनी लिहिलं, 'डोन्ट सो अनलेस इट डझन्ट रेन.' म्हणजे पाऊस नाही पडला तरच पेरा!

मनात 'जोपर्यंत पाऊस पडत नाही' असं म्हणतात आणि तो 'नाही' तसाच इंग्रजीत नेतात, एवढं मला कळतंय. 'अनलेस'मध्ये नकार आधीच आहे, असं सांगितलं. तर एका मुलीनं विचारलं, "अनहॅपीतला अन का? मग लेसचा अर्थ काय?" तिला काहीबाही सांगून गप्प करायचं नाही मला. जाणकारांनी कृपया सांगावं.

शिवाय गाईडात 'अनलेस म्हणजे इफ नॉट' एवढंच आहे. पण 'तो नाही आला तर मला बरं वाटेल' हे 'अनलेस'नं जमत नाही. का?

प्रतिसाद

ताई, पोरीनं नेमकं विचारलं. तो 'अन' अनहॅपीतला नाहीच. 15व्या शतकात 'ऑन लेस दॅन' म्हणत, म्हणजे 'याहून कमी अटीवर'. नकाराच्या वाक्याला ते जोडायचे: पेरणी नाही, पावसाहून कमी अटीवर तर नाहीच. पुढं 'ऑन'वरचा जोर गेला, नकाराच्या 'अन'शी गल्लत झाली आणि 'अनलेस' झालं. फ्रेंचमध्येही या अर्थाला 'कमी' हाच शब्द येतो.

'अनलेस' अपवाद सांगतं. 'पेरायचं नाही' हे ठरलेलं, पाऊस हा अपवाद. 'बरं वाटेल' हे आधी ठरलेलं नाही, त्याच्या न येण्यानंच ते घडणार. तिथं 'इफ नॉट'च हवं.

लेकरांना 'जोपर्यंत' सोडायला लावा, आपलं 'बिगर' द्या. 'पाऊस पडल्याबिगर पेरायचं नाही.' 'नाही पडल्याबिगर' असं कुणी म्हणतं का?

धागाकर्ती

खूप आभार! आज 'बिगर'नं सगळ्यांची वाक्यं बरोबर आली. पण 'आय विल कम अनलेस इट रेन्स' इथं 'बिगर' बसंना. तिथं काय सांगू?

प्रतिसाद

'येणार म्हणजे येणार, पाऊस आला तर मात्र नाही.' अपवाद असा शेवटी बोलून दाखवा.