खोट्या भाडेपावत्या: पॅनची १ लाखाची मर्यादा काढावी का?

हिशेबनीस:
घरभाडे भत्त्यावर करमाफी हवी असेल आणि वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर गेलं, की पगारदाराला घरमालकाचा पॅन कंपनीला द्यावा लागतो. म्हणून खोट्या पावतीवरचा आकडा ठरलेला: महिना ८,३३३. वर्षाचे ९९,९९६. माझं मत आहे की ही मर्यादाच काढा, पहिल्या रुपयापासून पॅन मागा.

हव्यासापायी लोक काय करून बसतात बघा. घरभाडे भत्त्यावरची करमाफी तीन आकड्यांपैकी सर्वांत लहान आकड्याइतकीच मिळते. एक, हातात आलेला भत्ता. दोन, मूळ पगाराचे ४० टक्के (मुंबई-दिल्लीसारख्या महानगरांत ५०). तीन, भाड्यातून मूळ पगाराचे १० टक्के वजा जाता उरेल ते. आता मूळ पगार ८५,००० धरा. त्याचे १० टक्के ८,५००, पावतीवर भाडं ८,३३३. माफी शून्य! रेव्हेन्यू तिकिटं चिकटवली, मावशीच्या नावाने सह्या ठोकल्या, आणि पदरात एक रुपयाही नाही.

पगारदार:
साफ असहमत. ४,००० रुपयांच्या खोलीत राहणाऱ्या खऱ्या भाडेकरूचं काय? मालक पॅन देत नाही, कंपनी दावा नाकारते, आणि मरतो तो प्रामाणिक माणूस. लबाड काय, कुणाचा तरी पॅन उसना आणेलच.

जमाखर्च:
उसना पॅन तर आणखी गोत्यात आणतो. पगारातून कापलेल्या कराच्या वर्षअखेरीच्या विवरणात कंपनी घरमालकाचा पॅन सरकारला कळवते. मामाच्या पॅनवर ३ लाख भाडं आणि मामाच्या विवरणपत्रात घरभाड्याचं उत्पन्न शून्य, ही तफावत संगणकच काढतो. मग मामाने "घेतलं" म्हटलं तर ३० टक्के प्रमाणित वजावट जाऊन २,१०,००० त्याच्या उत्पन्नात धरले जातात. "नाही घेतलं" म्हटलं तर भाच्याने चुकीची माहिती दिली असं ठरतं: कर, त्यावर व्याज, आणि चुकवलेल्या कराच्या २०० टक्के दंड. दिवाळीला एकमेकांच्या घरी जायची सोय राहत नाही.

हिशेबनीस:
आणि हा हिशेब बघा, आर्थिक वर्ष २०२५-२६ चा. वार्षिक पगार १० लाख, त्यात मूळ पगार महिना ४०,०००. नव्या करप्रणालीत कर शून्य. पण भाडेपावतीची माफी फक्त जुन्या प्रणालीत, म्हणून हा गडी मुद्दाम जुनी निवडतो. ५०,००० प्रमाणित वजावट, ८०सीचे (विमा, पीएफसारख्या बचतीचे) दीड लाख, पावत्यांचे ५१,९९६ (९९,९९६ वजा मूळ पगाराचे १० टक्के, म्हणजे ४८,०००). करपात्र उत्पन्न ७,४८,००० आणि उपकरासह कर ६४,५८४. खोटं बोलून ६४ हजार भरायचे, खरं बोलून काहीच नाही!

पगारदार:
म्हणजे तुम्हीच माझा मुद्दा सिद्ध केलात. नव्या प्रणालीमुळे ही लबाडी आपोआप बिनकामाची होतेय, मग मर्यादा काढून सगळ्यांना कशाला त्रास?

शिवाय आईवडिलांना दिलेलं भाडं म्हणजे खोटंच, असं धरू नका. घर वडिलांच्या नावावर असावं, करार असावा, दर महिन्याला पैसे बँकेतून जावेत, आणि वडिलांनी ते उत्पन्न दाखवावं. इतकं केलं की दावा टिकतो. फसतात ते स्वतःच्या मालकीच्या फ्लॅटचं भाडं वडिलांना दिल्याचं दाखवणारे. त्याच फ्लॅटच्या गृहकर्जाचं व्याज "स्वतः राहतो" म्हणून वजा घेतात. एकाच विवरणपत्रात मालकही तेच आणि भाडेकरूही तेच.

जमाखर्च:
भाडेकरूंनाच किती धुणार? मालकांचीही लबाडी बघा. भाडं लपवायचं म्हणून लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवायचाच नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणीकृत करार नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य. मालक तोंडी २५,००० सांगतो, भाडेकरू म्हणतो १०,००० ठरले होते. मालकाने रोख घेतलेली, पावती दिलेली नाही. सिद्ध कशाने करणार? शिवाय नोंदणी न केल्याबद्दल तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि तेही मालकालाच.

हिशेबनीस:
हे मान्य. पण म्हणूनच तर पॅन पहिल्या रुपयापासून हवा, म्हणजे मालकही नोंदीत येतो. ज्याच्याकडे पॅन नाही त्याचं नाव, पत्ता आणि सहीचं घोषणापत्र घ्या, ४,००० वाला भाडेकरू अडणार नाही.

पगारदार:
घोषणापत्रही मावशीच सही करून देईल. मी मर्यादेच्याच बाजूने.