मदत हवी आहे: एफटीपीला एन्क्रिप्शन लावलं, आता फाइलींची यादीच येत नाही

छापखाना_नाशिक: आम्ही एफटीपी (नेटवरून फाइली पाठवायची-घ्यायची जुनी पद्धत) वापरतो. काल रात्री सर्व्हरवर टीएलएस, म्हणजे एन्क्रिप्शन, चालू केलं. पासवर्ड घेतो, कुलूपही दिसतं, पण यादी येता येता लटकतं. गिऱ्हाइकांचे फोनवर फोन येतायत. लवकर सांगा.

बिनतारी: सर्व्हर कुठला? एरर काय?

छापखाना_नाशिक: सांगितलं की, लटकतं. लिनक्स आहे.

बिनतारी: लिनक्स हे सर्व्हरचं नाव नव्हे हो.

छापखाना_नाशिक: सर्व्हरवर व्हीएसएफटीपीडी हा प्रोग्राम. गिऱ्हाइकांकडे फाइली पाठवायला फाइलझिला.

आग्यावेताळ: एफटीपी १९७१ चं आहे, आता तरी सोडा! एसएफटीपी घ्या, ती वेगळी, मुळातच एन्क्रिप्टेड पद्धत आहे. एकच पोर्ट (सर्व्हरचं क्रमांकाचं दार), २२. विषय संपला.

बिनतारी: त्यांची चाळीस गिऱ्हाइकं तुम्ही शिकवणार का?

आग्यावेताळ: चाळीस कुठून आणलीत?

मधलीसुट्टी: व्हीएसएफटीपीडीच्या सेटिंगच्या फाइलीत 'रिक्वायर एसएसएल रीयूज' नो करा, म्हणजे यादीसाठी लॉगिनचंच टीएलएस सत्र पुन्हा वापरायची सक्ती जाते; एसएसएल हे टीएलएसचं जुनं नाव (फाइलीत इंग्रजीतच लिहा, नाहीतर मलाच शिव्या घालाल). मूळ सेटिंग येस असतं, माझ्याकडे त्यानेच घोळ झाला होता.

बिनतारी: तेव्हा ५२२ चा एरर येतो, असं नुसतं लटकत नाही. ती पळवाट आधी नको. छापखाना, ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून यादी येते का?

छापखाना_नाशिक: हो, येते ना. बाहेरूनच अडतं.

बिनतारी: हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं! यादी आणि फाइली वेगळ्या पोर्टवरून जातात. तो पोर्ट सर्व्हर २२७ क्रमांकाच्या उत्तरात सांगतो; याला पॅसिव्ह म्हणतात. आजवर तुमचा राउटर ते उत्तर चोरून वाचून दार उघडत असणार. आता ते एन्क्रिप्ट झालं, त्याला काय कळणार? सर्व्हरच्या सेटिंगमध्ये पॅसिव्ह मिन पोर्ट ५००००, मॅक्स ५०१०० ठेवा, तेवढे पोर्ट राउटरवर सर्व्हरकडे फॉरवर्ड करा. पॅसिव्ह ॲड्रेसमध्ये बाहेरचा आयपी (इंटरनेटवर दिसणारा तुमचा पत्ता) टाका. तो बदलता असेल तर आधी तसं सांगा.

सदाफुली: मी पेनड्राइव्ह घेऊन जाते. कधीच लटकत नाही.

आग्यावेताळ: एसएफटीपीत यातलं काहीच करावं लागलं नसतं, एवढंच म्हणतो.

छापखाना_नाशिक: आयपी स्थिर आहे. केलं, यादी आली! बिनतारी, चहा लागू. पण आता झेरॉक्स मशीन स्कॅन पाठवत नाही. ५३० दाखवतंय, एन्क्रिप्शनशिवाय चालणार नाही म्हणे. त्याच्या मेनूत टीएलएस दिसतच नाही.

बिनतारी: लॉगिनची ती सक्ती एसएसएल चालू केलं की आपोआप लागते. मशीनसाठी ती काढू नका, एन्क्रिप्शनशिवाय लॉगिन करणाऱ्यांचे पासवर्ड उघडे पडतील. मॉडेल कुठलं?

छापखाना_नाशिक: जुनं आहे.