मॅट्रिक्सचा तुकडा काढताना शेवटचा इंडेक्स धरायचा की सोडायचा?

धागाकर्ता
अ ही पाच बाय पाचची मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा तक्ता, आहे. त्यातली दुसरी ते चौथी ओळ आणि पहिले तीन कॉलम हवेत. मॅटलॅब या गणिती कामाच्या भाषेत लिहायचं अ(२:४, १:३). तोंडाने जे म्हणतो, तेच. नमपायमध्ये (पायथनची मॅट्रिक्ससाठीची लायब्ररी) त्याचंच अ[१:४, ०:३] होतं, कारण मोजणी शून्यापासून आणि शेवटचा आकडा धरतच नाहीत. लिनिअर अल्जेब्राच्या पुस्तकांत ओळी १ पासून मोजतात. फोरट्रान ९० आणि ज्युलिया या भाषांनीही दोन्ही टोकं धरणारी रेंज ठेवली आहे. पोरांना सूत्र समजून घ्यायचं असतं, तेव्हा आपण त्यांना आकडे सरकवत बसवतो. मॅट्रिक्सच्या कामाला मॅटलॅबचीच रीत योग्य.

पायथनप्रेमी
साफ असहमत. एकच तुकडा काढायचा असेल तर तुमचं पटतं. ब्लॉक पाडायला घेतले की नाही. अ[:क] आणि अ[क:] लिहिलं की वरचा नि खालचा भाग मिळतो, कुठलीही ओळ गळत नाही की दोनदा येत नाही. लूपमध्ये इ पासून सुरू होणारा ब ओळींचा ब्लॉक म्हणजे अ[इ:इ+ब]. तुमच्याकडे इ+ब-१ लिहावं लागतं आणि तो वजा एक राहिला की शेजारचे ब्लॉक एकमेकांवर चढतात. शेवटातून सुरुवात वजा केली की ओळींची संख्या! संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९८२ च्या टिपणात हाच मुद्दा मांडला होता.

धागाकर्ता
ते टिपण पूर्णांकांच्या क्रमाबद्दल आहे, मॅट्रिक्सबद्दल नाही. आणि पायथनवाल्यांचं तरी एकमत कुठे आहे? पांडास या पायथनच्या तक्त्यांच्या लायब्ररीत .loc (नावाने निवडणारा) शेवट धरतो, .iloc (क्रमांकाने निवडणारा) सोडतो. त्याहून वाईट म्हणजे पाच ओळींच्या मॅट्रिक्सवर अ[२:५०] लिहिलं तर नमपाय मुकाट्याने तीन ओळी देतो. मॅटलॅब तिथेच एरर देऊन थांबतो. मला थांबणारा हवा.

आकडेमोड
टोकांवरून कशाला भांडताय, मोठे खड्डे पुढे आहेत. पहिली-तिसरी ओळ आणि पहिला-तिसरा कॉलम काढायला नमपायमध्ये अ[[०,२],[०,२]] लिहून बघा. चार नाही, दोनच आकडे येतात, कारण तो याद्यांच्या जोड्या लावतो. मॅटलॅबमध्ये अ([१ ३],[१ ३]) सरळ दोन बाय दोन देतं. दुसरा खड्डा: ब = अ[१:४, ०:३] करून ब[०,०] = ९९ लिहा. मूळ अ मध्येही ९९ येतो! नवशिक्याला हे आधी सांगायला हवं.

पायथनप्रेमी
ते ९९ म्हणजे व्ह्यू (तुकडा वेगळी प्रत नसतो, मूळ मॅट्रिक्सचीच मेमरी वापरतो), आणि मला तो हवाच आहे. दहा हजार बाय दहा हजारची मॅट्रिक्स, प्रत्येक आकडा आठ बाइट, म्हणजे ८०० एमबी. दर तुकड्याला कॉपी केली तर मेमरी पुरायची कशी? वेगळी प्रत हवी तिथे .कॉपी() लावा. याद्यांच्या जोड्यांचं मात्र मान्य, तिथे नमपायचं आयएक्स_ (np.ix_) हे फंक्शन वापरावंच लागतं. अ[२:५०] बद्दलही धागाकर्त्यांचं बरोबर आहे, मी तुकडा काढल्यावर शेप (ओळी-कॉलमांची संख्या) तपासतो.

धागाकर्ता
ती तपासणी भाषेनेच करावी, एवढंच माझं म्हणणं आहे. ब्लॉकसाठी तुमची रीत सोपी, हे मान्य. पहिल्या वर्गात मात्र मी २:४ च लिहून दाखवेन.